मे महिन्यातली माती

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर जिल्ह्याच्या मातीचा नवा रंगीत नकाशा लावलाय. गुळगुळीत कागद, झकास छपाई. आलेला प्रत्येक साहेब त्याच्यापुढं उभा राहून फोटो काढून घेतो. मी त्याच्याकडं पाठ करून बसतो. पोखर्णीच्या पुढं एक गडद जांभळा पट्टा दाखवलाय, त्याचं नाव करंजवाडी मालिका. चौकटीत माहिती दिलीय : खोल काळी माती, चुनखडीयुक्त, उतार नाममात्र. आणि शेवटी दोन शब्द, 'निचरा चांगला'. हे दोन शब्द खोटे आहेत. ते मला माहीत आहे, ज्यांनी छापले त्यांना माहीत आहे, आणि ज्या बाईंनी ते मुळात लिहिले होते त्यांनी तर स्वतःच कंठशोष करून सांगितलं होतं, की हे खोडा, माझं चुकलंय. तरी छापले. खंदारे बाईंबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते, आणि रागातच करावी लागते. थंड डोक्यानं त्यांच्याबद्दल लिहिणं त्यांना स्वतःलाही आवडलं नसतं.

विमल खंदारे आमच्याकडं माती सर्वेक्षणाच्या प्रमुख होत्या. मी खाली प्रयोगशाळेत विश्लेषक. त्या शेतातून माती आणायच्या आणि मी तिच्यातली चिकणमाती, चुना, क्षार मोजायचो. बुटक्या, काटक. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट, डोक्याला पांढरा गमजा. खांद्यावरच्या शबनममध्ये भिंग, मोजपट्टी, ॲसिडची छोटी बाटली आणि भाजी चिरायची एक झिजलेली सुरी. ही सुरी त्या खड्ड्याच्या भिंतीतली माती उकरायला वापरत, पेरू कापायला वापरत आणि बोलताना समोरच्याच्या छातीकडं रोखायलाही वापरत. नवीन माणूस दोन पावलं मागं सरायचा. जुन्यांना माहीत होतं, की सुरी बोथट आहे, जीभच काय ती धारदार आहे.

माझा पहिला दिवस मला चांगला आठवतो. नमुन्याच्या पिशवीवर मी चिठ्ठी लावली होती : काळी माती, परभणी. बाईंनी चिठ्ठी वाचली, पिशवी उचलली आणि माझ्या टेबलावर आदळली.

"जाधव, तुला कुणी विचारलं, तू कोण, तर काय सांगशील? माणूस, परभणी?"

"नाही मॅडम."

"मग हिला कामून असं लिहिलंस? काळी माती असं काही नसतं. काळी दिसणारी शंभर प्रकारची माती असते. कोणती कुठल्या उतारावरची, तिच्यावर पाऊस किती पडतो, ऊन किती दिवस खातीय, हाताभर खाली काय दडलंय, हे सांग. मग तिचं नाव सांग."

पुढं त्यांनी शिकवलं, की मातीलाही माणसासारखं गावाचं नाव लागतं. एखादी माती पहिल्यांदा ज्या गावात नीट खणून पाहिली, वर्णन केलं, त्या गावाचं नाव तिला मिळतं. मग तशीच माती आणखी पन्नास गावांत सापडली तरी नाव तेच, आणि त्या सगळ्यांची मिळून एक मालिका. म्हणजे पहिल्या खड्ड्यात जे लिहिलं ते पन्नास गावांच्या माथी बसतं. म्हणून बाईंचा आग्रह असायचा, की तिघांची साक्ष जुळल्याशिवाय लिहायचं नाही. प्रयोगशाळा काय म्हणते, पाऊसपाणी काय म्हणतं आणि रानाचा चढउतार काय म्हणतो. "एकाच्या सांगण्यावरून सोयरीक करू नये," असं त्या म्हणत.

लोकांना वाटायचं, बाई लोकांवर चिडतात. तसं नव्हतं. बाई वरवर बघण्यावर चिडायच्या. एकदा जिंतूरकडचा एक शेतकरी खताच्या रिकाम्या गोणीत माती घेऊन आला आणि विचारू लागला, खत किती टाकू. बाईंनी गोणीत नाक घातलं आणि त्याला फाडून खाल्लं. "खताच्या गोणीत माती आणलीस, तर ती गोणीचंच सांगणार ना! तुझ्या रानाचं काय सांगणार?" तो बिचारा पायरीवर जाऊन बसला. पंधरा मिनिटांनी बाई चहाचा कप आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवी त्याच्या मांडीवर टाकली. "ही घे. बांधापासून लांब जा, झाडाखालची घेऊ नको, आन हातभर खोल घे. परत गोणी आणलीस तर गोणीत तुलाच घालीन." तो पिशवीत माती घेऊन परत आला आणि येताना हरभऱ्याचे डहाळेही घेऊन आला. बाईंनी डहाळे घेतले, पण चेहरा काही सैल केला नाही.

त्यांच्या घरी पावसाळ्यात मागच्या दारानं जावं लागे. घर काळ्या मातीवर बांधलेलं. उन्हाळ्यात भिंतीला अशा भेगा पडायच्या की रुपया आत जाईल. पावसात माती फुगली की भेगा मिटायच्या आणि पुढच्या दाराची चौकट आवळून दार अडकून बसायचं. नवरा गवंडी आणतो म्हणायचा, बाई आणू द्यायच्या नाहीत. "राहू द्या. लोक मातीचं पुस्तकात वाचतात, आपल्याकडं ती दारात उभी राहून सांगायलीय." पाहुणे चिखलातून वळसा घालून मोरीकडच्या दारानं आत यायचे आणि बाई त्यांना आधी भेग दाखवायच्या, मग पाणी द्यायच्या.

आमच्या फेऱ्या मुनीरभाईंच्या जीपनं व्हायच्या. देवगाव फाट्याला चहा, तिथून चारठाण्याकडं. चारठाण्याच्या जुन्या देवळांपाशी आम्ही सगळे थोडं टेकायचो. बाई देवळाकडं बघायच्या आणि त्यांना तिथंही राग यायचा. "ज्यांनी हे उभं केलं त्यांनी आधी पायाखाली काय आहे ते बघितलं असणार. आपल्याकडं कंप्युटर आहे, उपग्रह आहे, पण खाली वाकून बघायचा कंटाळा." मग त्या माळावरून खाली चालत सुटायच्या. वर मुरूम, मध्यावर वितभर माती, खाली सखलात पुरुषभर खोल काळी. पाण्यानं हजारो वर्षं वरचं उचलून खाली आणून ठेवलंय, हे त्या पायानं चालून दाखवायच्या. मुनीरभाई जीप घेऊन रस्त्यानं खाली जाऊन थांबायचे आणि म्हणायचे, "मॅडम को गाडी की जरूरत नै, सिर्फ सरकार के वास्ते बैठते."

करंजवाडीचा खड्डा बाईंनी नोकरीला लागल्या लागल्या खणवला होता. गयाबाईंच्या रानात. गयाबाई म्हणजे नदीकडच्या चांगल्या जमिनीची मालकीण. नवरा गावात असून पारावरच मुक्कामाला, त्यामुळं शेताचा कारभार त्यांच्याच हातात. बाई तेव्हा तरुण, गयाबाईही तरुण. दोघी पहिल्याच दिवशी भांडल्या होत्या, कारण खड्डा धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाच्या कडेला खणा असं एकीचं म्हणणं आणि मधोमध खणू द्या असं दुसरीचं. तेव्हापासून त्यांचं जमलं ते कायमचं.

आता त्या खड्ड्यात चूक काय झाली ते सांगतो, कारण ती चूक आमच्या धंद्याशिवाय दुसरीकडं कुठं होणार नाही. आमच्याकडं सर्वेक्षण उन्हाळ्यातच करतात. पीक निघालेलं असतं, रान मोकळं असतं, शेतकरी खणू देतो, जीप फसत नाही. सगळे तसंच करत आले. निचरा बघायचा म्हणजे दोन लोखंडी कडी एकात एक जमिनीत ठोकायची, पाणी ओतायचं आणि ते किती वेळात खाली उतरतं ते पट्टीनं मोजायचं. मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा असतात. ओतलेलं पाणी त्या भेगांतून घटाघटा खाली जातं. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय निचरा आहे. तरुण विमल खंदारेंना तसंच वाटलं. त्यांनी लिहिलं, 'निचरा चांगला'. वरिष्ठांनी सही केली. आणि तीच माती पावसात भिजली, फुगली, भेगा मिटल्या, की तिच्यातून पाण्याचा थेंब खाली जात नाही, हे बघायला भादव्यात तिकडं कुणी गेलंच नाही. भादव्यात कसं जाणार? जीप फसते.

हे उघडकीस आलं आमच्या प्रयोगशाळेत. नव्या कालव्याची चारी करंजवाडीपर्यंत येणार म्हणून तिथले जुने नमुने पुन्हा तपासायला काढले. कंबरेइतक्या खोलीची माती मी काचेच्या नळीत भरली, भिजवली आणि वरून पाणी सोडून खाली थेंब पडायची वाट बघत बसलो. दुपार झाली तरी थेंब नाही. बाई आल्या आणि माझ्यावर घसरल्या. "जाळी तुंबली असंल. नीट भरता येत नाही तुला." त्यांनी पदर खोचला, नळी धुतली, स्वतः माती भरली. संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करायची वेळ झाली तरी नळीचं तोंड कोरडंच. मग मी त्याच मातीतला सोडियम मोजला. वरच्या थरात काही नाही. खाली जसजसं जावं तसतसा वाढत गेलेला. पाऊस बेताचा, ऊन फार, त्यामुळं चुना खाली खाली खड्यांत घट्ट होत जातो आणि सोडियम मोकळा उरतो. सोडियम वाढला की चिकणमाती पाण्यात विरघळल्यासारखी सुटी होते आणि सगळी भोकं बुजवते. अशा मातीला वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी द्या आणि बाहेर काढायची वाट ठेवू नका, ती चोपण होणार. चोपण जमीन म्हणजे पावसात शेण, उन्हाळ्यात फरशी. त्यात हराळीसुद्धा धड उगवत नाही.

बाई त्या कोरड्या नळीकडं बघत स्टुलावर बसून राहिल्या. त्या दिवशी त्या कुणालाही रागावल्या नाहीत. मला तर भीतीच वाटली. निघताना एवढंच म्हणाल्या, "जाधव, मातीला उन्हाळ्यात विचारलं तर ती तहानेचंच बोलणार रे. मला अक्कल नव्हती."

दुसऱ्या दिवशी राग परत आला, आणि तो मग निवृत्तीपर्यंत काही शमला नाही.

कालव्याच्या योजनेत एक नियम होता. जिथं निचरा वाईट, तिथं पाणी आणणाऱ्या चारीबरोबर पाणी बाहेर नेणारा चरही सरकारी खर्चानं खणायचा. जिथं चांगला, तिथं नुसती चारी. म्हणजे करंजवाडी मालिकेतली पन्नासेक गावं वाचायची की चोपण व्हायची, हे एका शब्दावर होतं, आणि तो शब्द बाईंचा होता. त्यांना वाटलं, माझाच शब्द आहे, मीच खोडते. इतकं सोपं त्यांना वाटलं याचं मला आजही वाईट वाटतं.

वरच्या साहेबांच्या टेबलावर त्यांनी दोन काचेचे ग्लास ठेवले. दोन्हींत डिस्टिल्ड पाणी. एकात वरच्या थराचं ढेकूळ सोडलं, एकात खालच्या. "अर्धा तास थांबा. वरचं तळाला बसेल, पाणी निवळ राहील. खालचं विरघळून पाणी गढूळ होईल. यापेक्षा सोपा पुरावा मला देता येणार नाही." साहेब म्हणाले, हो हो, बघतो ना, आणि फोनवर बोलत बाहेर गेले. बाई समोर बसून राहिल्या. तेवढ्यात शिपाई आला, त्यानं दोन्ही ग्लास उचलले आणि धुऊन चहाच्या ट्रेमध्ये पालथे घालून ठेवले. शिपायाची चूक नव्हती, त्याला उष्टे वाटले. बाई त्याला एक अक्षर बोलल्या नाहीत. साहेब परत आल्यावर मात्र त्या जे बोलल्या ते खाली प्रयोगशाळेत ऐकू आलं.

साहेबांचं उत्तर मी पुढं अनेकदा ऐकलं. हसून द्यायचे ते. "मॅडम, तुमचंच तर वर्णन आहे. तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे." ज्या तरुण पोरीला काही कळत नव्हतं तिच्यावर विश्वास, आणि आयुष्य मातीत घालवलेली बाई समोर उभी राहून सांगतेय, तिच्यावर नाही. कारण पहिलीचं छापलेलं होतं. दुसरीचं मान्य केलं तर चर खणावे लागणार होते. खरं कारण एवढंच होतं, बाकी सगळं सारवासारव.

फारच लावून धरल्यावर त्यांनी फेरतपासणी मंजूर केली. कधी? मे महिन्यात! बाईंनी डोक्याला हात लावला. जेसीबी आला, गयाबाईंच्या रानात पाच मिनिटांत खड्डा पडला. सोबतचा नवा अधिकारी खड्ड्यात उतरून खूश झाला. काळी माती भिजून फुगली की आतल्या आत एकावर एक घासते आणि त्या घासण्यानं ढेकळांच्या अंगावर चकाकी येते, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. भिंत वरपासून खालपर्यंत चकाकत होती. तो फोटो काढू लागला.

"साहेब, ती चकाकी मातीची न्हाई," बाई वरून ओरडल्या. "जेसीबीच्या बकेटाची हाय! लेपलंय त्यानं. सरका बाजूला." त्या खाली उतरल्या, सुरीनं भिंत उकरली, आतली खरी माती उघडी केली. पण तोवर त्याचे फोटो काढून झाले होते. मग कडी ठोकली, पाणी ओतलं, आणि ते पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भेगेत गडप झालं. अधिकारी म्हणाला, "मॅडम, निचरा तर उत्तम दिसतोय." उन्हाचा जाळ, वर ना ढग ना सावली, आणि बाई त्या कड्याला लाथ मारून म्हणाल्या, "ही माती आत्ता तहानली हाय. तिची तहान मोजायलाव का निचरा?"

गयाबाई धुऱ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. पाण्याची वाट बघत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या उठल्या आणि बाईंच्याच अंगावर आल्या.

"ओ बाई, सारी उमर पाण्यासाठी तरसलो आमी. आता चारी दारात यायलीय तर तुमी पानी नको म्हनून सांगायलाव व्हय?"

"पाणी नको कोण म्हणतंय? पाणी घे की! पण घरात मोरी नसताना नळ घेशील का तू?"

गयाबाईंनी त्या रिकाम्या कड्यात वाकून बघितलं. सरळ होत म्हणाल्या, "मग कवा इचारायचं मातीला?"

"भादव्यात. पण भादव्यात तुझ्या रानात पीक असतंय."

"आसू द्या. तुमी या."

ती भादव्याची फेरी मी विसरणार नाही. पोखर्णीच्या पुढं जीप चाकापर्यंत रुतली. मुनीरभाई म्हणाले, "मैं बोला था ना, फसेगी." बाई बूट हातात घेऊन अनवाणी चालू लागल्या, त्यांच्या मागं मी कडी घेऊन. रानात पोहोचलो तर गयाबाईंनी शेंगा धरलेलं सोयाबीन खोलीएवढ्या जागेत स्वतः उपटून ढीग घातला होता. हाताशी आलेलं पीक उपटणं म्हणजे काय, हे रानातल्या माणसालाच कळतं. त्यांची सून तोंड फिरवून उभी होती. कडी ठोकली, पाणी ओतलं. ते तसंच राहिलं. आम्ही भाकरी खाल्ली, पाणी तसंच. दुपार कलली, एक बेडूक येऊन कड्यात बसला. बाई त्या बेडकाकडं बघून म्हणाल्या, "हा बघ, ह्याला कळलंय. ह्यालाच साहेब करायला पाहिजे."

ते निकाल आम्ही वर पाठवले. सोबत मी मोजलेला सोडियम, चुना, पावसाची मासिक आकडेवारी, नदीपर्यंतच्या उताराचं टिपण. तिन्ही साक्षी जुळल्या होत्या. उत्तर आलं, जमीन आधीच ओली असताना घेतलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही. बाईंनी ते वाचलं आणि साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "ओलीच असणार! कालव्याचं पाणी काय कोरड्या जमिनीला देणार तुम्ही? पाण्याची एक पाळी दिली की भेगा बुजतील. दुसऱ्या पाळीला तुमचा मे महिना कुठून आणणार?" साहेब म्हणाले, मॅडम, बीपी सांभाळा. तेव्हा बाई म्हणाल्या, की निदान त्या वर्णनाखालचं माझं नाव तरी काढा. तेही काढलं नाही. नाव बदलायला पद्धत नव्हती.

त्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांना शाल घातली आणि 'मातीशी नातं' वगैरे बोलले. बाई आभाराला उठल्या आणि एकच वाक्य बोलल्या : "शाल भादव्यात द्यायची असते, मे महिन्यात नाही." कुणाला काही कळलं नाही. टाळ्या पडल्या. मी मागं उभा राहून दात आवळले होते.

चारी आली. सगळ्या गावानं ऊस लावला. बाईंच्या सांगण्यावरून गयाबाईंनी स्वतःच्या खर्चानं रानाच्या कडेनं चर खणला, पण चराला तोंड पाहिजे. तो नाल्यापर्यंत न्यायचा तर मधे मारोतरावांचं रान होतं. मारोतराव म्हणाले, "तुमचं पानी माझ्या रानातून कामून?" बांध काही फोडू दिला नाही. चोपण व्हायला वर्षं लागतात, पण ऊस पिवळा पडायला एकच हिवाळा पुरतो.

बाईंचं मला झालेलं शेवटचं दर्शन गेल्या पौषातलं. नकाशा छापून आला होता आणि त्याच्या प्रती ग्रामपंचायतींना वाटायला मी आणि मुनीरभाई निघालो होतो. करंजवाडीच्या वळणावरच बाईंचा आवाज ऐकू आला. बाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या, तसंच. जीप थांबवली. गयाबाईंच्या चराच्या बंद तोंडाशी पाणी तुंबलं होतं आणि निवृत्त खंदारे बाई, साडी खोचून, नडगीभर पाण्यात उभ्या राहून मारोतरावांशी भांडत होत्या. शेजारी फावडं घेऊन गयाबाई. बांधावर हाताची घडी घालून मारोतराव, आणि त्यांच्या पाठीमागं त्यांचा पिवळा ऊस. पाणी बांधाच्या खालून त्यांच्या रानातही पाझरलेलं होतं, ते त्यात चपलेसकट उभे होते.

मला बघून मारोतराव म्हणाले, "हे बरं झालं. सरकारचा नकाशा आलाय म्हनं. त्याच्यात काय लिवलंय ते वाचा. पानी थांबतंय आसं आसंल तर मी आत्ता बांध फोडतो."

माझ्या हातात गुंडाळी होती. मी काहीही वाचलं असतं तरी तिथं कुणी तपासणार नव्हतं. दोन शब्द बदलून वाचायचे, एवढंच तर होतं. मी बाईंकडं बघितलं.

"वाच," बाई म्हणाल्या. "जे छापलंय तेच वाच."

मी वाचलं. निचरा चांगला.

मारोतरावांनी खाली बघितलं. पाण्यातल्या स्वतःच्या पायांकडं, मग मागं उसाकडं.

"म्हंजे हितं पानी थांबत न्हाई?"

"असं लिहिलंय," मी म्हणालो.

"कुन्या येड्यानं लिवलं हे?"

गयाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी नकाशा गुंडाळायला लागलो. बाई म्हणाल्या, "मी. खाली नाव बघ, माझंच आहे. मे महिन्यात आले होते तेव्हा लिहिलं."

मारोतरावांनी हाताची घडी सोडली. इतकं सरळ उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं, निदान सरकारी माणसानं तरी.

"आन आता काय म्हनता?"

"आता म्हणते, फावडं उचल."

मारोतराव बाजूला पचकन थुंकले. त्यांनी त्या नकाशाला आईवरून शिवी घातली, गयाबाईंच्या हातातलं फावडं हिसकलं आणि बांधावर घाव घातला. मग दुसरा. बाई लगेच पाण्यातून त्यांच्याकडं निघाल्या. "तिकडं न्हाई, उताराकडं! आरं उताराकडं खण! जलम सारा रानात गेला आन उतार कळंना व्हय तुला?" गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. बांध फुटला. तुंबलेलं पाणी क्षणभर घुटमळलं आणि मग नाल्याच्या दिशेनं सरकायला लागलं.

ग्रामपंचायतीत नकाशा दिला, सही घेतली आणि आम्ही परत निघालो. वळणावर मुनीरभाईंनी आपणहून जीप हळू केली. बाई पाण्याच्या कडेकडेनं चालत होत्या, हातात सुरी, आणि अजून ओरडतच होत्या. माणसं मागं राहिली होती. त्या पाण्यालाच रागावत होत्या, की चल, चल की, एवढा उशीर का करायलास.